ओहोटीच्या सहा तासांत: खडपावरचे जीव, वाहून आलेलं सामान आणि मातीचे रंग

पहिल्यांदा रंगांच्या शोधात समुद्रावर गेले तेव्हा मी शंखांनी पिशवी भरून आणली. रात्री पिशवीतून बारीक खसखस येत होती. शंख एकमेकांवरून घसरत असतील, म्हणून मी लक्ष दिलं नाही. सकाळी पिशवी उघडली तर एका करड्या शंखाच्या तोंडातून दोन नांग्या अर्ध्या बाहेर लोंबत होत्या. शंखातला खेकडा होता तो, रात्रभरात मेलेला. ती खसखस त्याची होती.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी चित्रकला शिकवते, रंग स्वतः घोटून करायची मला ओढ आहे, आणि आता भाचीही माझ्याबरोबर येते. आमचा दोघींचा नियम ठरलेला आहे: समुद्राने टाकून दिलेलं उचलायचं, समुद्रात राहणारं जागच्या जागी बघायचं. खाली सांगितलेली सगळी पद्धत या नियमावर उभी आहे आणि ती पाण्याच्या चालीने जाते. पाणी मागे सरतं तेव्हा जीव बघायचे, पाणी परत फिरलं की भरतीरेषेवरचं सामान वेचायचं, आणि भरती वर आली की सावलीत बसून रंगाला हात घालायचा.

दिवस कसा निवडायचा

चंद्राकडे बघून. अमावस्या आणि पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाणाचे असतात. तेव्हा भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटी खोल जाते आणि एरवी पाण्याखाली असणारा खडक उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती-ओहोटी असते, पाणी फारसं हलत नाही. त्या दिवशी खडपावर जाण्यात मजा नाही. बहुतेक किनाऱ्यांवर दोन ओहोट्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून उद्याची ओहोटी आजच्यापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. तुमच्या किनाऱ्याचं भरती-ओहोटीचं कोष्टक मिळवा आणि पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी खडपाशी पोचा. पाणी सरेल तसं त्याच्या मागोमाग खाली उतरायचं आणि पूर्ण ओहोटीची वेळ झाली की तोंड किनाऱ्याकडे वळवायचं.

हे शेवटचं वाक्य मनावर घ्या. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक, असा ढोबळ हिशेब खलाशी पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. पहिल्या तासात पाणी जेमतेम हललेलं दिसतं आणि माणूस निर्धास्त होतो. त्यातच तुमच्या पाठीमागचा सखल भाग आधी भरतो आणि परतीची वाट बंद होते. एकटीने जात असाल तर कुठे आणि कधीपर्यंत, हे कुणाला तरी सांगून निघा. लाटांकडे पाठ करून वाकू नका.

सामान थोडं न्या. तळ घसरणार नाही असे बंद बूट, १० पट मोठं दाखवणारं छोटं भिंग, एक पांढरी वाटी, जुना दात घासायचा ब्रश, कापडाच्या चार लहान पिशव्या, फरशीचा एक झिलई नसलेला तुकडा (त्याचं काम पुढे येईल), पिण्याचं भरपूर पाणी, आणि वही-पेन्सिल. पेन नको, ओल्या हाताने शाई पसरते, शिसपेन्सिल पसरत नाही.

खडपावर

खडपावर गेल्या गेल्या चालायचं नसतं, बसायचं असतं. एखादं डबकं निवडा, तुमची सावली पाण्यावर पडणार नाही अशा बाजूला बसा आणि पाच मिनिटं हलू नका. पहिलं मिनिट डबकं रिकामं दिसतं. दुसऱ्या मिनिटाला एक ‘खडा’ चालायला लागतो. मग काचेसारखी पारदर्शक कोळंबी दिसते, म्हणजे खरं तर तिचे डोळे आणि तिची तळावरची सावली दिसते. तळाशी चिकटलेला चिखलाचा गोळा हळूहळू उघडतो आणि त्याचं समुद्रफूल होतं. भाचीला पहिल्या वेळी ही पाच मिनिटं फार जड गेली होती. आता ती मला गप्प बसवते.

डबक्यात हात घालायचाच असेल तर आधी तो समुद्राच्या पाण्यात भिजवा. अंगाला लावलेलं मलम, कीटकांसाठीचं तेल पाण्यात उतरता कामा नये. एवढ्याशा पाण्यात त्याचा थेंबही जास्त होतो. समुद्रफुलाला बोट लावून मिटायला लावणं हा खेळ समजू नका. ते भुजा पसरून बसतं ते अन्न मिळावं म्हणून.

आता वरून खाली बघा. खडकावर पट्टे दिसतील. सगळ्यात वर, जिथे फक्त तुषार पोचतात, तिथे बारीक गोगलगायी फटींत दाटीने बसलेल्या असतात. त्याखाली बार्नॅकलचा पांढरट, खरखरीत पट्टा. यानेच गुडघे सोलवटतात. दिसायला शिंपल्याच्या कुळातला वाटतो, पण तो खेकडा-कोळंबीचा नातेवाईक आहे. पिल्लू असताना तो डोक्याच्या बाजूने खडकाला चिकटतो आणि उरलेलं आयुष्य उलटा राहून पायांनी अन्न आत ओढतो. भरतीच्या पाण्याखाली गेलेला एखादा बार्नॅकल भिंगातून बघा: दार उघडतं, पिसासारखे पाय बाहेर येतात, मूठ मिटावी तसे मिटतात, आत जातात. चार्ल्स डार्विनने या प्राण्यांवर आठ वर्षं घालवली होती, १८४६ ते १८५४. एकदा ते पाय बघितले की आठ वर्षं जास्त वाटत नाहीत.

बार्नॅकलच्या आसपास टोपीच्या आकाराची एक गोगलगाय असते, लिंपेट. ओहोटीत ती खडकाला घट्ट धरून बसते; पाणी आलं की खडकावरचं शेवाळ खरवडत फिरते. यांतल्या बऱ्याच जाती फिरून पुन्हा आपल्याच जागी येऊन बसतात, आणि त्या जागेवर कवचाच्या कडेशी तंतोतंत जुळणारं गोल वळ खडकात पडलेलं असतं. म्हणून लिंपेट उपटू नका. उपटलेली लिंपेट दुसरीकडे ठेवली तर कड जुळत नाही, आतली ओल टिकत नाही. तिच्या दातांची एक गोष्ट रंगांच्या वेळी सांगेन.

धोंडे उलटायचे तर दोन डोक्यांएवढ्यापर्यंतचेच, आणि हळू, आपल्याकडे उचलून. म्हणजे खालचा जीव तुमच्या पायाकडे न येता पलीकडे निसटतो. बघून झालं की धोंडा होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवा. वरची बाजू शेवाळाची, खालची बाजू अंधारात राहणाऱ्यांची. उलटा टाकलेला धोंडा म्हणजे दोन्ही वस्त्या मेल्या. किनाऱ्यावर फिरणाऱ्यांकडून होणारी ही सगळ्यात मोठी हानी असं मी म्हणेन, कारण ती करणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

तारामासा दिसला तर पाण्यातच बघा. फोटोसाठी बाहेर काढू नका, पुन्हा ‘समुद्रात सोडायला’ फेकूही नका. रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर खडकाच्या एका पट्ट्यातून तारामासे काढून टाकत राहण्याचा प्रयोग केला. तारामासे जे कालवासारखे शिंपले खात, त्यांनी हळूहळू सगळी जागा व्यापली आणि तिथल्या १५ जातींपैकी ८ उरल्या. एका प्रकारचा प्राणी नाहीसा झाला तर शेजार कसा रिकामा होतो, ते त्या खडकावर दिसलं.

काही जीवांपासून लांब राहायचं. उष्ण समुद्रांत शंकूच्या आकाराचे, सुरेख नक्षीचे कोन शंख असतात. आत जीव असेल तर तो सुईसारखा विषारी दात मारतो आणि या विषावर उतारा उपलब्ध नाही. कितीही मोह झाला तरी जिवंत शंकू उचलायचा नाही, खिशात तर नाहीच. निळसर फुग्यासारखं पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर वाळूवर मरून पडलं तरी त्याचे धागे डंख करतात. उथळ वाळूत उतरताना पाय घासत चाला, म्हणजे वाळूत दबून बसलेलं पाकट सावध होऊन निघून जातं. मुलांना हे आधी सांगावं, तिथे गेल्यावर ओरडू नये.

खडपाशेजारी पुळण असेल तर परतताना तिच्याकडे बघा. उष्ण प्रदेशांतल्या ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या ते वाटाण्याएवढ्या गोळ्यांची रांगोळी दिसते. एका छोट्याशा खेकड्याचं हे काम. तो वाळूचा घास तोंडात फिरवून त्यातलं सूक्ष्म अन्न काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी बाजूला ठेवतो. पुढची भरती सगळं पुसते. वाळूचीच बनलेली, सदऱ्याच्या कॉलरसारखी वळलेली एखादी पट्टी सापडली तर ती कचरा नाही. चंद्रशंखाची अंडी आहेत ती, वाळूच्या कणांत बसवलेली. तिथेच राहू द्या.

भरतीरेषेवर

मागच्या भरतीने जिथपर्यंत मजल मारली तिथे शेवाळ, काटक्या आणि शिंपल्यांची वेडीवाकडी ओळ असते. हे तुमचं बाजारपेठेचं अंगण. इथून उचलायचं, पण शंख उचलताना आमच्या चार कसोट्या: तोंडातून आत उजेडात बघायचं, नाकाशी धरायचं, वजनाचा अंदाज घ्यायचा, आणि समुद्राच्या पाण्याने भरलेल्या पांढऱ्या वाटीत दहा मिनिटं ठेवायचं. दहा मिनिटांत कुणी बाहेर आलं नाही तरच शंख रिकामा. पहिल्या वेळी एवढं केलं असतं तर तो खेकडा वाचला असता.

आणि रिकामा असला तरी सगळेच घ्यायचे नाहीत. शंखातल्या खेकड्याचं पोट मऊ असतं, कवच त्याला स्वतःचं नसतं. वाढला की मोठं घर शोधावं लागतं. चांगले, न फुटलेले, सुपारीएवढे ते लिंबाएवढे शंख त्यांच्यासाठी ठेवा. आम्ही फुटके, झिजलेले, भोक पडलेले घेतो, दर फेरीला प्रत्येकी एक मूठ. कठीण पोवळी, समुद्रघोडे, राक्षसी शिंपले यांच्या व्यापारावर ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे, आणि काही किनाऱ्यांवर शिंपलाच काय, वाळू उचलायलाही बंदी असते. जायच्या आधी तिथला नियम विचारून घ्या.

भोक पडलेले शिंपले तर मी मुद्दाम शोधते. चंद्रशंख दुसऱ्या शिंपल्यावर बसून त्याला जिभेने आणि आम्लाने भोक पाडतो आणि आतलं मांस खातो. हे भोक गोल, बाहेरून रुंद, आत निमुळतं, जणू कुणी यंत्राने काढलं असावं. धागा ओवायला याहून नीट भोक तुम्हाला पाडता येणार नाही. अशा पंधरा-वीस शिंपल्यांची माळ मेण लावलेल्या सुती दोऱ्यात, प्रत्येकानंतर गाठ मारून ओवा. गाठ असली की शिंपले एकमेकांवर आपटून फुटत नाहीत आणि दोरा तुटला तर एकच पडतो. शिंपल्याला आपण भोक पाडायचं असेल तर तो पाण्यात बुडवून, हळू, हाताच्या बारीक ड्रिलने. कोरडी भुकटी छातीत जाऊ देऊ नका. आणि स्वच्छ करायला व्हिनेगर किंवा लिंबू वापरू नका. शिंपला चुन्याचा असतो, आम्लात विरघळतो, त्याची झिलई जाते. साधं पाणी आणि ब्रश पुरतो.

पांढरा, हलका, होडीच्या आकाराचा तुकडा सापडला तर तो समुद्रफेस, म्हणजे म्हाकुळाच्या एका भावंडाचं आतलं कवच. नखानेही कोरला जातो. मुलांना कोरीवकाम शिकवायला याच्यासारखं साहित्य नाही: सुरी लागत नाही, बोथट काडी पुरते. त्याची वस्त्रगाळ भुकटी पूर्वी लिहिण्याआधी चर्मपत्रावर चोळायचे, शाई फुटू नये म्हणून. मीही जाड कागदावर ती चोळते. पृष्ठभाग किंचित खरखरीत होतो आणि घरगुती रंग चांगला धरतो.

शेवाळ दाबून ठेवणं हे भाचीचं आवडतं काम. वाहून आलेल्या शेवाळाच्या नाजूक, फांद्या फुटलेल्या गुच्छांतला हाताच्या पंजाएवढा तुकडा घ्यावा. उथळ ट्रेमध्ये समुद्राचं पाणी घेऊन तो सोडायचा. बाहेर जो लिबलिबीत गोळा होता तो पाण्यात पंख्यासारखा उघडतो. आता जाड कागद त्याच्या खालून सरकवायचा, ब्रशने फांद्या मांडायच्या आणि कागद एका कडेने तिरका करत उचलायचा, म्हणजे पाणी निथळतं आणि मांडणी राहते. वर मलमलचा तुकडा, दोन्ही बाजूंना टीपकागद, वर वजन. टीपकागद पहिले तीन दिवस रोज बदलायचा, नाहीतर बुरशी येते. मलमल शेवटपर्यंत काढायची नाही. बहुतेक शेवाळं स्वतःच्या चिकाने कागदाला धरून राहतात, गोंद लागत नाही. शेवाळापासून रंग करायच्या नादी मात्र लागू नका. लाल शेवाळ गोड्या पाण्यात ठेवलं तर सुंदर गुलाबी पाणी सुटतं, पण तो गुलाबी उजेडात टिकत नाही.

रंग

टिकणारा रंग दगडमातीत आहे. कड्याच्या पायथ्याशी, ओढ्याच्या मुखाशी, झिजलेल्या गोट्यांत पिवळे, तांबूस, तपकिरी तुकडे मिळतात. कडा खणू नका. पावसानंतर तर त्याच्याखाली उभंही राहू नका. खाली पडलेलं पुरे होतं. तुकडा ओला करून फरशीच्या झिलई नसलेल्या तुकड्यावर घासा. दगडाचा बाहेरचा रंग फसवतो, घासलेली रेघ फसवत नाही: बाहेरून काळपट दिसणारा दगड लालभडक रेघ ओढतो आणि सुंदर पिवळा दिसणारा गोटा नुसता ओरखडा. बोटाला लागलेला रंग धुऊन लगेच गेला नाही, तर तुकडा ठेवा. दोन ओंजळी मातीतून वर्षभर पुरेल एवढा जलरंग होतो. गोदीजवळ, कारखान्याच्या पाण्याजवळ, जुन्या खाणीखाली मिळणारी रंगीत माती घेऊ नका. होड्यांवरून निघालेल्या रंगाच्या खपल्या तर मुळीच नाही. त्यांत शिसं आणि तांबं असू शकतं.

माती उन्हात वाळवा, खलात ठेचा, आणि मग पाणी घालून वाटा. कोरडं वाटायचं नाही, धूळ फुप्फुसात बसते. वाटलेलं एका उंच बरणीत घालून भरपूर पाणी ओता, ढवळा आणि तीसपर्यंत मोजा. तेवढ्यात वाळू तळाशी बसते. वरचं रंगीत पाणी दुसऱ्या बरणीत ओतून घ्या. तळाची वाळू फेकून द्या. दुसरी बरणी रात्रभर ठेवली की सकाळी वर निवळ पाणी आणि खाली लोण्यासारखा गाळ असतो. निवळ पाणी अलगद ओतून टाका आणि पुन्हा गोडं पाणी घाला. हे चार-पाच वेळा करायचं, कारण किनाऱ्यावरच्या मातीत मीठ असतं. माझी पहिली चित्रं याच एका आळसाने गेली. महिन्याभरात त्यांवर पांढरी बुरशी आली असं वाटलं. ते मीठ होतं, कागदातून वर फुललेलं. आता मी निवळीचा एक थेंब काळ्या पाटीवर सुकवते. थेंबाच्या जागी पांढरी कड उमटली तर अजून एक धुणं.

शेवटचा गाळ मलमलवर काढून वाळवला की रंगाची वडी मिळते. पिवळी असेल तर ती पिवडी, लाल असेल तर काव. पिवडीला पिवळेपणा देणारं खनिज गोएथाइट. गटे या जर्मन कवीच्या नावावरून १८०६ मध्ये त्याला हे नाव मिळालं. तीच ती लिंपेटच्या दातांची गोष्ट: लिंपेट ज्या दातांनी खडक खरवडते, त्यांत याच गोएथाइटचे सूक्ष्म तंतू असतात. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी ते दात ताणून मोजले तेव्हा ज्ञात जैविक पदार्थांत ते सर्वांत बळकट ठरले. हे मी भाचीला सांगितलं तेव्हा तिने काही न बोलता पिवडी घेतली आणि लिंपेटचं चित्र काढायला बसली.

पिवडीतून लाल काढणं हे सगळ्या कामातलं माझं सगळ्यात आवडतं. स्वयंपाकात पुन्हा वापरायचा नाही असा जुना लोखंडी तवा, उघड्यावर, मध्यम आच. पिवडीची पूड पातळ पसरा आणि उलथण्याने हलवत राहा. आधी थोडी वाफ दिसते. गोएथाइटमध्ये पाणी बांधलेलं असतं. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला ते निघून जातं आणि उरतं हेमेटाइट, लाल कावेचं खनिज. डोळ्यांसमोर कडेची पूड नारिंगी होते, नारिंगी आत सरकतं, मग विटकरी. दर दोन मिनिटांनी एक चिमूट काढून बशीच्या कडेला क्रमाने ठेवा. तव्यावर शेवटी जवळजवळ काळी दिसेल, पण घाबरून फेकू नका. गरम हेमेटाइट काळपट दिसतं, गार होताना त्याचा लाल परत येतो. बशीवर तो येताना बघता येतो. एका पिवडीतून अशा सात-आठ छटा मिळतात. सगळ्या चांगल्या असतात, पण माझा जीव तिसऱ्या-चौथ्या चिमटीत अडकतो, तिथे जर्दाळूसारखा रंग असतो.

पांढरा शिंपल्यांतून. जुने, चुरचुरीत, चमक गेलेले शिंपले गोड्या पाण्यात आठवडाभर भिजवून, कुटून, पाण्यात घोटून वरच्यासारखेच निवळवायचे. जपानी चित्रकारांचा ‘गोफुन’ हा पांढरा असाच, वर्षानुवर्षं उन्हापावसात ठेवलेल्या कालवांच्या शिंपल्यांपासून करतात. हा पांढरा ओला असताना जवळपास दिसत नाही आणि सुकल्यावर उमटतो, त्यामुळे लावताना धीर धरा, थरावर थर चढवू नका. तेलात मात्र तो पारदर्शक होतो. त्याला डिंकच हवा.

काळ्यासाठी वाहून आलेल्या बोटभर जाड काटक्या. आधी दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात भिजवून मीठ काढा आणि पूर्ण वाळवा. खारं लाकूड जाळलं की निघणारा धूर घातक असतो. काटक्या पत्र्याच्या डब्यात गच्च भरा, झाकणाला खिळ्याने एक भोक पाडा आणि डबा उघड्यावरच्या विस्तवात ठेवा. भोकातून धूर यायचा थांबला की काढा, पण पूर्ण गार होईपर्यंत झाकण उघडू नका. उघडलंत तर हवा लागून कोळशाची राख होते.

जांभळ्याच्या मागे लागू नका. प्राचीन भूमध्य समुद्रकाठी म्युरेक्स शंखांपासून राजेरजवाड्यांचा जांभळा करत. पॉल फ्रीडलँडर या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये त्याचा अभ्यास केला तेव्हा १.४ ग्रॅम रंगासाठी १२,००० शंख लागले. म्हाकुळाच्या जातभाईची शाई, सेपिया, हीदेखील जिवंत प्राण्याकडून मिळवायची गोष्ट नाही. अश्मीभूत शाईची एक कथा मात्र मला फार आवडते: १८३३ मध्ये इंग्लंडच्या लाइम रीजिस किनाऱ्यावर एलिझाबेथ फिलपॉट यांनी कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या बेलेम्नाइटच्या, म्हणजे म्हाकुळाच्या एका नामशेष नातेवाइकाच्या, शाईपिशवीतली सुकी शाई पाण्यात कालवून, त्याच खडकांत सापडणाऱ्या इक्थिओसॉर या नामशेष सागरी सरपटणाऱ्या प्राण्याच्या कवटीचं चित्र काढलं होतं.

आता बांधणी. एक भाग डिंक दोन भाग गरम पाण्यात रात्रभर भिजवा, मलमलमधून गाळा, चार चमच्यांना एक चमचा मध घाला आणि बुरशी टळावी म्हणून लवंग तेलाचा एक थेंब. काचेच्या तुकड्यावर रंगाची पूड घ्या, मधे खड्डा करा, जवळपास तेवढंच डिंकपाणी घाला आणि सपाट बुडाच्या काचेच्या बत्त्याने किंवा गुळगुळीत गोट्याने घोटा. सुरुवातीला काचेखाली करकर ऐकू येते. ती थांबेपर्यंत, निदान पंधरा मिनिटं, घोटायचं. कागदावर पट्टा ओढून सुकवा. बोटाला भुकटी लागली तर डिंक कमी पडला. चकाकून तडे गेले तर जास्त झाला. जमलं की खोलगट शिंपल्यांत भरा आणि सावलीत सुकवा. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत सुमारे १ लाख वर्षांपूर्वीचे दोन अबॅलोनी शिंपले सापडले, त्यांत काव, हाडाचा चुरा आणि कोळसा एकत्र कालवलेला होता. शिंपल्यात रंग भरताना माझ्या डोळ्यांसमोर ते दोन शिंपले असतात.

प्रत्येक रंगाचा एक पट्टा वहीत काढा. शेजारी तारीख, जागा, आणि पूड भाजली असेल तर कितवी चिमूट. त्याच रंगाचा दुसरा पट्टा अर्धा झाकून खिडकीत लावा. माझ्या खिडकीतली काव तीन वर्षांनीही झाकलेल्या भागासारखीच आहे.

काम झालं की जास्तीचे, न वापरलेले शंख आम्ही पुढच्या उधाणाला त्याच किनाऱ्यावर परत नेतो. मागच्या वेळी भाचीने एक डबक्याच्या कडेशी ठेवला. थोड्या वेळाने फुटक्या शंखातला एक खेकडा त्याच्याजवळ आला. नांगीने तोंडाचा काठ चाचपला, शंख अर्धा फिरवला, एक नांगी खोल आत घालून बाहेर काढली, पुन्हा घातली. मग फुटक्या शंखातून अंग उपसून पापणी लवायच्या आत तो नव्यात शिरला होता.